वळणावर वाकलेले फक्कीमामा

फक्कीमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, भाची ‘मामा’ म्हणायची आणि भाचीचं ऐकून सगळं मैदानच मामा म्हणू लागलं. त्याला ‘फक्की’ कुणी चिकटवली ठाऊक नाही, पण चिकटली ती कायमची. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायची जी भुकटी, ती फक्की. एकतीस वर्षं ती मामांच्या नखांत होती, भुवयांत होती आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे डोक्यातही होती.

मामांची रेघ म्हणजे रेघ. इतर मैदानांवर लोक दोरी ताणायचे, खुंट्या ठोकायचे, चारचारदा मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचे. मामाही दोरी लावायचे, पण ती केवळ नियम आहे म्हणून. फक्कीची गाडी ढकलत निघाले की मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती. बोलण्याच्या बाबतीत मात्र महाकंजूस. एखादा प्रशिक्षक म्हणाला, ‘मामा, वळणावर जरा कमी-जास्त वाटतंय,’ तर मामा उत्तर न देता टेप त्याच्या हातात ठेवायचे. तो बिचारा अर्धा तास उन्हात मोजत बसायचा आणि पुन्हा कधी शंका काढायच्या फंदात पडायचा नाही. गर्विष्ठ होते का? होते. सबंध आयुष्यात ज्याला एकच गोष्ट येते आणि ती बिनचूक येते, त्याला तेवढा गर्व मी तरी माफ केला असता.

मग शर्यतींची रीतच बदलली. गावोगावची मुलं एका मैदानावर गोळा करायची, त्यांच्या राहण्याची सोय लावायची, पंचांच्या हातापाया पडायचं आणि ऐन वेळी आभाळ भरून आलं की सगळ्यांना परत पाठवायचं, हा व्याप संघटनेला झेपेना. तेव्हा ठरलं की प्रत्येकाने आपापल्या गावी पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, पळायचं. हा पट्टा मोटरवर चालत नाही. पळणाऱ्याने तो पायाने मागे ढकलायचा. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा. चष्म्यात मैदान दिसतं, शेजारच्या लेनमध्ये दूरच्या गावची मुलगी पळताना दिसते, तिचा श्वासही ऐकू येतो. अंग झुकवलं की लेन बदलते. पट्टा नुसता वेग सांगतो. अंतर किती झालं ते चष्म्यातलं मैदान ठरवतं. साडेबारा फेऱ्या झाल्या की पाच हजार मीटर पुरे. लोकांना हे भलतंच आवडलं. मैदानाला पाय न लावता मैदान मारायचं आणि वर बुटाला माती नाही, मग कोण नको म्हणेल?

पण चष्म्यातलं मैदान काही आभाळातून पडत नाही. खऱ्या मैदानाची हुबेहूब प्रत काढावी लागते. त्यासाठी एके दिवशी सकाळी तीन पायांचं एक यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक कॉम्प्युटरवाली आली. तिशीच्या आतली, कामाला चोख, जेवायचं विसरणारी. मैदान बघून ती म्हणाली, “मामा, ही आतली कड काढावी लागेल. चकाकते ना, यंत्राला नीट दिसत नाही.”

धावपट्टीच्या आतल्या अंगाने दोन-तीन बोटं उंचीची ॲल्युमिनियमची कड होती. मामांनी स्क्रू काढून ती उचलली आणि तिच्या जागी, तिच्याच खुणेवरून, फक्कीची रेघ मारली. नेहमीसारखी, मागे वळून न बघता.

घोळ झाला तो इथे. उंच कडेला पाय अडकेल म्हणून पळणारा तिच्यापासून थोडं अंतर राखतो. नुसती रेघ असली तर तिला चिकटून पळतो. म्हणून कड नसेल तेव्हा रेघ कडेच्या खुणेवर मारायची नाही, दहा सेंटिमीटर बाहेर मारायची. एखाद्या नवशिक्याला हे आठवलं नसतं, पण त्याने भीतीपोटी नियमांचं पुस्तक उघडलं असतं. मामांना पुस्तक तोंडपाठ होतं. फक्त एकतीस वर्षांत कड कधी निघालीच नव्हती, त्यामुळे हात सवयीने जुन्या खुणेवर गेला. ही चूक करायलासुद्धा मामांसारखाच माणूस लागतो.

दहा सेंटिमीटरने काय बिघडतं, असं कुणीही म्हणेल. पण दोन्ही वळणं धरून पूर्ण फेरी घातली की ती त्रेसष्ट सेंटिमीटरने आखूड पडते. आणि साडेबारा फेऱ्यांत जवळजवळ आठ मीटर कमी पळून माणूस पाच हजार मीटर पळाल्याचं श्रेय घेतो.

यंत्र फिरू लागलं तेव्हा मामांच्या ते लक्षात आलं. टेप घेऊन ते शेवटच्या वळणावर धावले, गुडघे टेकून वाकले, टेपचं टोक रेघेवर धरलं. तेवढ्यात लांबून कॉम्प्युटरवाली ओरडली, “मामा, हलू नका! आहात तसेच राहा, नाहीतर चित्र फाटेल!” मामा राहिले. यंत्राचा लाल ठिपका त्यांच्या पाठीवरून सावकाश सरकत गेला. पाच मिनिटं ते मान खाली घालून तसेच होते. मग ती म्हणाली, “झालं. तुम्हाला नंतर पुसून टाकते.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण समोरून संघटनेचे सेक्रेटरी आले, ‘मामांची रेघ आहे म्हटल्यावर मोजायचं कशाला’ असं चारचौघांत म्हणाले आणि ‘मैदान चारशे मीटर, मोजमाप बरोबर’ असा कागद त्यांनी सहीला पुढे केला. मामांनी सही केली. दोन दिवसांनी कड परत बसेल आणि खरं मैदान खरंच राहील, अशी मनाची समजूत घातली. कड काही बसली नाही. महिन्याभरात मैदान मोटारींच्या एका व्यापाऱ्याला गाड्या उभ्या करायला दिलं गेलं. बरोबर मैदान मोटारींखाली गेलं आणि चुकलेलं तेवढं चष्म्यात राहिलं.

मामांची बदली गॅलरीखालच्या हॉलमध्ये झाली. तिथे आठ पट्टे मांडले होते. सकाळी ते पुसायचे, चष्मे चार्जिंगला लावायचे, घामाने भिजलेले फडके बदलायचे, असं काम. हॉलच्या खिडकीतून धावपट्टी दिसायची. तिच्यावर न विकलेल्या नव्या मोटारी रांगेने उभ्या, सगळ्या धुळीने एकाच रंगाच्या झालेल्या. मामी पूर्वी खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर शिवायच्या. आता नंबर लागत नव्हते, म्हणून त्या चष्म्याच्या आत बसवायच्या कापडी पट्ट्या शिवू लागल्या. नवरा-बायको दोघंही आपापल्या जागी होते, फक्त कामातला जीव गेला होता.

जीव होता तो भाचीत. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण सात वर्षांची असताना आई गेल्यावर ती मामाकडे आली ती घरात कधी बसलीच नाही. मामा रेघा मारायचे आणि ही त्यांच्या मागून रेघेवर पाय न देता पळायची. आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि पाच हजार मीटर पळत होती. मोठ्या प्रशिक्षण केंद्रात मुक्कामाला जाण्याची एक जागा उरली होती. अट एवढीच की वेळ सतरा मिनिटांच्या आत हवी. वयाच्या हिशेबाने तिचं हे शेवटचं वर्ष. खऱ्या मैदानावर तिची उत्तम वेळ होती सतरा मिनिटं तीन सेकंद. तीन सेकंद म्हणजे डोळ्याची दोन-चार पाती, पण ती वर्षभर लवली नव्हती.

चष्म्यातल्या मैदानावर पहिल्यांदा पळून आली त्या दिवशी ती हसतच घरात शिरली.

“मामी, मामा तिकडे पण कामावर आहे गं! शेवटच्या वळणावर वाकलाय. सगळ्यांकडे पाठ करून!”

“पुसायची विसरली वाटतं ती पोरगी,” मामा म्हणाले.

“राहू दे की,” मामी म्हणाल्या. “इथे तरी कुठे तोंड दाखवता? कायम पाठच.”

हळूहळू सगळ्या मुलांना ते ठाऊक झालं. लांबलांबच्या गावांहून सरावाला चष्म्यात येणारी मुलंसुद्धा वळणावर ‘मामा, कंबर धरेल!’ असं ओरडून पुढे जायची. मामांना पहिले काही दिवस बरं वाटलं. आपण मोटारींखाली गेलो नाही, कुठेतरी अजून मैदानावर आहोत, एवढं समाधान कुणाला नको असतं? पण एक प्रश्न भिंगरी दर दोन दिवसांनी विचारायची.

“मामा, तू तिथे काय मोजत होतास रे?”

“काही नाही. असंच.”

“तू आणि असंच?”

यावर मामा ताटात बघत राहायचे.

दूरच्या गावची एक मुलगी भिंगरीबरोबर सराव करायची. पळताना तिच्या नाकातून बारीक आवाज यायचा, म्हणून भिंगरी तिला शिट्टी म्हणायची. एके दिवशी जेवताना भिंगरी सांगत होती, “शिट्टी म्हणते, तुमचं मैदान मला लाभतं. तिच्या मैदानाच्या प्रतीवर जी वेळ येते, त्यापेक्षा आपल्याकडे दीड सेकंद चांगली येते. दर वेळी दीडच! कशी काय गं मामी?” मामांना ठसका लागला. मामींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. भिंगरीची वेळही एव्हाना सतरा मिनिटं आणि काही दशांशांवर आली होती. आता तोंड उघडणं म्हणजे तिच्या पायांवर धोंडा घालणं होतं. मामा मूग गिळून बसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी पहिली विचित्र गोष्ट घडली. भिंगरी सराव संपवून चष्मा काढताना म्हणाली, “मामा, तू सरकलास.”

“म्हणजे?”

“आधी तू वळणावरच्या लाल खांबाच्या अलीकडे होतास. आज खांबाच्या पलीकडे आहेस.”

कॉम्प्युटरवालीला बोलावलं. तिने पडद्यावर आकडे बघितले. “मामा म्हणजे तिथे खांबासारखेच आहेत. दगड. हलायची सोयच नाही त्यांना. हे बघा, पहिल्या दिवशीचा आकडा आणि आजचा, एकच आहे.” आकडा खरंच एकच होता. भिंगरीने खांदे उडवले. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दोन मुलांनी तेच सांगितलं, आणि एका मुलाने आतली लेनच सोडून दिली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, “वळणावर मामांचा हात लेनमध्ये येतो. पाय पडेल असं वाटतं.” आता ‘कंबर धरेल’ असं कुणी ओरडत नव्हतं. वळणावर आली की मुलं गप्प व्हायची, हॉलमध्ये फक्त पावलं वाजत राहायची.

घरीही एक गोष्ट सुरू झाली होती. मामी एकदा त्यांचा हात उजेडाला धरून म्हणाल्या, “अहो, मैदान बंद होऊन वर्ष होत आलं. नखांत फक्की कुठून येते तुमच्या?”

मामांनी बघितलं. दहाही नखांत पांढरं होतं, ताजं, अजून ओलं. त्यांनी हात घासून धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. गुडघ्यांवर दोन गोल डागही उठले होते, तासन्तास टेकून बसलेल्या माणसाला उठतात तसे. वयाचं काहीतरी असेल, असं म्हणून मामींनी तेल चोळून दिलं. मामांची झोप मात्र उडाली.

शेवटी एका दुपारी, हॉलमध्ये कुणी नसताना, मामांनी स्वतः चष्मा चढवला. आजवर त्यांनी शेकडो वेळा तो पुसला होता, घातला कधीच नव्हता. हॉल नाहीसा झाला. समोर त्यांचं मैदान होतं, मोटारींवाचूनचं. ऊन होतं, पण ऊब नव्हती. झाडं होती, पण पान हलत नव्हतं. मामा पट्ट्यावर सावकाश चालू लागले आणि मैदान त्यांच्या अंगावरून मागे सरकू लागलं. त्यांना रडू फुटायचं बाकी राहिलं होतं, इतकं ते सगळं जागच्या जागी होतं.

वळण आलं. तिथे ते स्वतः होते. तोच विटका निळा शर्ट, तीच पाठ, तळव्याला झिजलेले तेच बूट. लाल खांब मागे पडला होता, चांगला वीस-पंचवीस पावलं मागे. आणि खांबापासून त्या वाकलेल्या माणसापर्यंत एक नाही, दोन रेघा होत्या. आतली जुनी, आणि तिच्या बाहेर दुसरी, फिकट, पण सरळ. मामांना टेप लावायची गरज नव्हती. ती बरोबर दहा सेंटिमीटर बाहेर होती.

तो माणूस चूक दुरुस्त करत होता. टेप लावून, बोटाबोटाने, सगळ्या मैदानाभोवती.

मामांनी अंग झुकवलं आणि ते त्याच्या पुढच्या बाजूला आले. यंत्र आलं त्या दिवशी त्यांची मान खाली होती, त्यामुळे तोंड यंत्राला दिसलंच नव्हतं. जे दिसलं नाही ते यंत्राने घेतलं नव्हतं. कानापासून कानापर्यंत तिथे काहीच नव्हतं. आत शर्टाची कॉलर आणि तिच्या पलीकडचं गवत दिसत होतं. मामा बघत असताना टेप धरलेला हात उचलला गेला, वीतभर पुढे गेला आणि पुन्हा टेकला. घाई नाही, आवाज नाही.

चष्मा काढून मामा जमिनीवर बसले. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं दुखत होती.

निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. प्रत्येकीने आपापल्या गावच्या मैदानाच्या प्रतीवर पळायचं होतं. भिंगरीने मामींसमोरच विषय काढला.

“मामा, तो काढायला सांग. माझं लक्ष जातं. वळणावर माझे पाय आपोआप आखडतात.”

“भीती वाटते?” मामींनी विचारलं.

“भीती नाही गं. लाज वाटते. मी काहीतरी चोरून नेतेय आणि तो बघतोय, असं वाटतं. तोंड नाही, तरी बघतो.”

कॉम्प्युटरवालीचीही तयारी होती. “पुसायला दोन मिनिटं लागतील, मामा. फक्त ती तुमची प्रतिमा आहे, त्यामुळे तुमची लेखी परवानगी लागते. एक सही करा.” कागद समोर ठेवला होता. सही केली की भिंगरीची वाट मोकळी होणार होती. आणि मैदानावर जो एकच माणूस ते खरं काम करत होता, तो जाणार होता. आयुष्यात मामांनी दोनच कागदांवर घाबरून सही केली, आणि दोन्ही या एकाच मैदानासाठी.

“गेले बघा,” दोन मिनिटांनी ती म्हणाली. “वळण स्वच्छ.”

मामांनी आपली नखं बघितली. ती स्वच्छ होती. त्यांना मोकळं वाटायला हवं होतं, पण घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यावर वाटतं तसं वाटलं.

चाचणीच्या सकाळी हॉल भरला होता. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मामी शिवणकाम टाकून आल्या होत्या आणि खिडकीपाशी हात घट्ट बांधून उभ्या होत्या. शिट्टी तिकडे तिच्या गावी आदल्या दिवशीच पळून मोकळी झाली होती. तिची वेळ सतरा मिनिटं आणि दोन दशांश. म्हणजे भिंगरी सतरा मिनिटांच्या आत आली तर जागा तिची. कुणीच सतराच्या आत नसेल, तर जिची वेळ चांगली तिची.

भिंगरी पट्ट्यावर चढली. मामींनी नवी शिवलेली पट्टी चष्म्यात बसवून दिली. सुरुवातीची शिट्टी वाजली आणि पाय सुरू झाले. भिंतीवरच्या पडद्यावर मैदान दिसत होतं. वळण रिकामं होतं. मामा हातात फडका घेऊन पट्ट्याच्या शेजारी उभे होते आणि फेऱ्या मोजत होते. सहाव्या फेरीला ती वेळेच्या पुढे होती. नवव्या फेरीला जराशी मागे पडली. अकराव्या फेरीपासून तिने पट्टा असा ढकलायला सुरुवात केली की हॉलची फरशी हादरू लागली. मामी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. शेवटचं वळण आलं. पडद्यावर तिथे काही नव्हतं. ती ते ओलांडून सरळ पट्टीत आली, रेघ ओलांडली आणि पडद्यावर आकडे थांबले.

सोळा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद आणि नऊ दशांश.

कॉम्प्युटरवालीने टाळ्या पिटल्या. सेक्रेटरींनी मामांच्या पाठीवर थाप मारली. मामींनी पदर तोंडाला लावला. भिंगरीचे पाय मात्र थांबले नव्हते. रेघ ओलांडल्यावरही ती दोन-तीन पावलं पळाली, मग एकदम मागे रेलली, हँडल घट्ट धरून. चष्मा काढला तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता.

“काढला म्हणाला होतास,” ती मामांना म्हणाली.

“काढलाय. सही दिली मी.”

“होता.”

“वळणावर काही नव्हतं गं, पडद्यावर सगळ्यांनी बघितलं.”

“वळणावर नव्हता. शेवटच्या रेघेच्या पुढे होता. वाकलेला नव्हता, मामा. उभा होता. वाट बघत.”

मामांनी अगदी हळू विचारलं, “रेघेच्या किती पुढे?”

“किती म्हणजे? सात-आठ मीटर असेल. त्याचं काय?”

आठ मीटर. तिला तो आकडा कुणी सांगितलेला नव्हता. जगात तो एकाच माणसाला माहीत होता.

“तोंड होतं त्याला?” मामांनी विचारलं.

भिंगरीने मान डोलावली. तिने आजूबाजूला बघितलं, मामी ऐकत नाहीत ना ते पाहिलं, आणि मामांच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “होतं. तुझं नव्हतं. कपडे तुझे, उभं राहणं तुझं, आणि तोंड माझं होतं, मामा.”

चौदा महिने त्यांना वाटत होतं की ही चूक आपल्याजवळ आहे, आपल्या पोटात आहे, आपल्याबरोबर एक दिवस संपून जाईल. आता त्यांना कळलं की ती पुढच्या माणसाच्या अंगावर चढते. पोरगी प्रशिक्षण केंद्रात जाईल, मोठी होईल, नाव काढेल, आणि तिथे कुठेतरी ती कायम आठ मीटर कमी पडलेली उभी असेल. मामांना तिची दया आली, आणि स्वतःचा राग आला.

त्यांनी फडका पट्ट्यावर ठेवला आणि ते थेट सेक्रेटरींच्या टेबलाकडे गेले.

“साहेब, वेळ नोंदवू नका. मैदान आखूड आहे.”

सेक्रेटरी हसले. “मामा, आज तरी थट्टा नको.”

मामांनी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, एका दमात, कडेपासून सहीपर्यंत. एकतीस वर्षांत ते इतकं सलग कधी बोलले नव्हते. कॉम्प्युटरवालीने आपला लॅपटॉप उघडला, रेघेपासून रेघेपर्यंत कसलीशी मोजणी केली आणि खाली मान घालून म्हणाली, “तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक सदतीस. मी कागदावर विश्वास ठेवला, मामा. मोजलंच नाही.”

सेक्रेटरींनी मामांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. “अहो, त्रेसष्ट सेंटिमीटर! कुणाला कळणार आहे?”

हेच वाक्य मामांनी चौदा महिने रोज स्वतःला ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकवेना.

“कागद द्या. लिहून देतो.”

“भाचीची वेळ बाद होईल. जागा त्या दुसऱ्या मुलीला जाईल. हिचं पुढच्या वर्षी वय बसणार नाही. कळतंय ना काय करताय?”

“कळतंय.”

मामी खिडकीपाशीच होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. भिंगरी चालत आली आणि मामांच्या मागे उभी राहिली. तिचा घाम फरशीवर टपटप पडत होता, तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. मामांना मागे वळून बघायचा धीर झाला नाही. ती ओरडेल, कागद हिसकावून घेईल, निघून जाईल, काहीही करेल याची ते वाट बघत होते. तिने काहीच केलं नाही.

मामांचं अक्षर वाईट होतं. ‘रेघ मी आखली. चूक माझी. त्याच दिवशी कळली होती,’ एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. खाली सही केली आणि सहीखाली आजची तारीख घातली.

“आजची नको,” भिंगरी मागून म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, आणि त्यात मामासाठी माया शिल्लक होती की नाही ते सांगता आलं नसतं. “त्या दिवशीची घाल.”

मामांनी आजची तारीख खोडली आणि चौदा महिन्यांपूर्वीची लिहिली.